बहुमत कोठें मोजावें?

गेल्या दिवाळींत आमची नात पुण्याहून घरीं आली होती. तिला नुकतेंच एकोणिसावें वर्ष लागलें असून ती महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास आहे. फराळाच्या वेळीं आम्हीं तिला सहज विचारलें, "काय गं, मतदारयादींत नांव घातलंस कीं नाहीं?" त्यावर ती हंसून म्हणाली, "आजोबा, नांव घालून करायचं काय? लोक मत देतात एकाला, आणि सरकार ठरतं हॉटेलांत!" तिची आई तिच्यावर रागावली. आम्ही रागावलों नाहीं. मुलीचें बोलणें उद्धट असेल. परंतु तें खोटें आहे असें म्हणण्याची छाती आम्हांस झाली नाहीं.

हें बोलणें आमच्या मनास इतकें कां लागलें, तें वाचकांस सांगितलें पाहिजे. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या एका तालुक्यांत आम्हीं छत्तीस वर्षें मास्तरकी केली. आणि आपल्या देशांत मास्तर म्हटला कीं त्याच्यामागें निवडणुकीचें काम हें आलेंच. ज्या वर्गांत एरव्हीं आम्ही मुलांस रामरक्षेंतले समास सोडवून दाखवीत असूं, त्याच वर्गांत पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून लोकांचीं मतें घेतलीं आहेत. मेणबत्तीवर लाख वितळवून पेटीला मोहोर करतांना बोटें भाजून घेतलीं आहेत. मतदाराच्या बोटास लावावयाची ती न पुसणारी शाई म्हैसूरच्या कारखान्यांत तयार होते व १९६२ सालापासून सबंध देशास पुरविली जाते. तिचे डाग कित्येक दिवस आमच्याहि हातांवर राहात.

अशाच एका निवडणुकीस एक म्हातारी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आली. मत देऊन झाल्यावर ती निघेना. तिनें आम्हांस विचारलें, "मास्तर, माझं मत आतां कुठं जातं?" आम्हीं सांगितलें, "या पेटींत." "आणि पेटी?" "तालुक्याला, कचेरींत." "आणि तिथनं?" आम्हीं म्हटलें, "तिथं मोजतात, आजी. ज्याला जास्त, तो मुंबईला विधानसभेंत जातो." म्हातारीचें समाधान झालें व ती गेली. परंतु तिचा प्रश्न आमच्यापाशींच राहिला. आमचें उत्तर अर्धवट होतें, कारण विधानसभेंत गेलेल्या माणसांचीहि पुढें पुन्हा एक मोजणी होते, आणि ती कोठें व्हावयाची हें आम्हीं तिला सांगितलें नव्हतें.

'बहुमत' या शब्दाचा विग्रह 'बहूनां मतम्' असा होतो. व्याकरण येथें संपतें व राज्यशास्त्र सुरू होतें. हे 'बहु' कोण, तें कोणीं मोजावें, आणि कोठें मोजावें? आपल्या घटनेच्या १६४ व्या कलमांत दोन गोष्टी शेजारीं शेजारीं बसविल्या आहेत. मुख्य मंत्र्याची नेमणूक राज्यपालांनीं करावी ही एक; आणि मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिक रीतीनें जबाबदार असावें ही दुसरी. सभागृहांत एका पक्षास स्पष्ट बहुमत असेल तेव्हां या दोहोंत भांडण नसतें. तें नसलें, अथवा आहे कीं नाहीं याचा संशय उत्पन्न झाला, म्हणजे प्रश्न पडतो: मोजणी राजभवनाच्या दिवाणखान्यांत व्हावी, कीं सभागृहांत सर्वांच्या देखत? या एका प्रश्नाचा निकाल लागण्यास आपल्या देशास चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं, आणि त्यांतलीं बहुतेक मोठीं प्रकरणें दक्षिणेंत घडलीं. म्हणून नातीस उत्तर देण्यासाठीं आम्हांस दक्षिणेकडे जावें लागलें.

दक्षिणेंत हा प्रश्न नवा नाहीं. कांचीपुरापासून जवळच असलेल्या उत्तरमेरूर गांवच्या मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे, म्हणजे दहाव्या शतकाच्या आरंभींचे, शिलालेख आहेत. गांवच्या सभेच्या समित्यांवर माणसें कशीं निवडावींत याचे नियम त्यांत कोरले आहेत. गांवाचे तीस विभाग. प्रत्येक विभागांतील पात्र माणसांचीं नांवें ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून तीं घड्यांत टाकावयाचीं. लहान थोर सर्वांस सभेंत जमवावयाचें. आणि कांहीं न जाणणाऱ्या एखाद्या मुलाकडून घड्यांतला तुकडा काढवून तो सर्वांस ऐकूं जाईल असा मोठ्यानें वाचावयाचा. पूर्वीं समितीवर राहून ज्यानें हिशेब दिला नाहीं, तो आणि त्याचे जवळचे नातलग यांस पुन्हा उमेदवारी नाहीं, असाहि नियम आहे. हें वाचून आपल्यापैकीं पुष्कळांस अभिमान वाटतो, व तो वाटावा. मात्र ती लोकशाही नव्हती, हेंहि ध्यानांत ठेवावें. तेथें चिठ्ठी होती, मत नव्हतें. जमीन, स्वतःचें घर व वेदाध्ययन यांच्या अटी होत्या. आणि त्या घड्यांत आमच्या नातीचें किंवा त्या म्हातारीचें नांव पडण्याचा संभवच नव्हता. तथापि एक गोष्ट त्या लोकांनीं ओळखली होती: जें सर्वांचें आहे त्याचा निर्णय सर्वांच्या देखत झाला पाहिजे.

आतां स्वतंत्र भारताकडे वळूं. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५२ सालीं पुरी झाली. त्या वेळच्या मद्रास राज्यांत आंध्र, मलबार व दक्षिण कानडा हे भागहि होते. विधानसभेच्या ३७५ जागांपैकीं काँग्रेसला १५२ मिळाल्या. म्हणजे पक्ष सर्वांत मोठा, पण बहुमत नाहीं. इकडे टंगुटूरि प्रकाशम् यांच्या नेतृत्वाखालीं विरोधी पक्षांनीं एक संयुक्त आघाडी करून आपणांकडे अधिक संख्या असल्याचा दावा केला. राज्यपाल श्रीप्रकाश यांनीं पाचारण केलें तें मात्र राजगोपालाचारींस. राजाजी निवडणुकीस उभेहि राहिले नव्हते. राज्यपालांनीं त्यांस विधानपरिषदेवर नियुक्त केलें व ते मुख्य मंत्री झाले. पुढें जुलै महिन्यांत त्यांनीं सभागृहाचा विश्वास मिळविला, हें खरें. परंतु आधीं खुर्ची व मग मोजणी, हा क्रम पडला तो तेव्हां. ज्याच्या हातीं सत्ता आली त्याच्याकडे माणसें आपोआप सरकतात, हें सांगावयास राज्यशास्त्र नको. लग्नाच्या पंगतींत वाढप्याच्या ओळखीचे लोक किती निघतात, तें पाहिलेल्यास तें कळतें. हेच श्रीप्रकाश पुढें मुंबईचे राज्यपाल झाले, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें तेव्हां आपले पहिले राज्यपालहि तेच होते.

दुसरें प्रकरण केरळाचें. १९५७ सालीं तेथें कम्युनिस्ट पक्षास ६० जागा मिळाल्या व पांच अपक्षांच्या पाठिंब्यानें १२६ निर्वाचित सभासदांच्या सभागृहांत त्याचें बहुमत झालें. मुख्य मंत्री ई. एम. एस. नंबूद्रीपाद हे जमीनदार नंबूद्री ब्राह्मण घराण्यांतले, लहानपणीं वेदपठण केलेले. त्यांच्या सरकारनें कुळांस जमिनीचे हक्क देणारें विधेयक आणलें, आणि खासगी शाळांतील शिक्षकांच्या नेमणुका व पगार सरकारी नियमांखालीं आणणारें दुसरें विधेयक आणलें. ज्या मास्तरास पगाराच्या कागदावर एक आंकडा व हातांत दुसरा, असा अनुभव आला असेल, त्यास या दुसऱ्या विधेयकाचें मर्म चटकन् कळेल. परंतु ख्रिस्ती संस्था, नायर समाज व विरोधी पक्ष यांनीं मिळून १९५९ सालीं 'विमोचन समरम्' नांवाचें मोठें आंदोलन केलें. शाळा बंद पडल्या, हजारों लोक तुरुंगांत गेले, पोलिसांच्या गोळीबारांत माणसें मेलीं. सरकारचे दोष नव्हते असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु सभागृहांत एकदांहि पराभव न झालेलें तें मंत्रिमंडळ ३१ जुलै १९५९ रोजीं घटनेच्या ३५६ व्या कलमाखालीं बरखास्त करण्यांत आलें. १९६० सालच्या निवडणुकींत कम्युनिस्टांच्या जागा २९ वर आल्या. मतांचा त्यांचा वाटा मात्र पूर्वींपेक्षां वाढला. लोकांस सरकार बदलावयाचें होतें तर तीन वर्षें थांबून तें त्यांनींच बदललें असतें. तें काम त्यांच्या हातून काढून घेण्यांत आलें, एवढाच आमचा आक्षेप आहे.

हें ३५६ वें कलम कागदावरच राहील, त्याचा उपयोग करण्याचा प्रसंग येऊं नये, अशी आशा डॉ. आंबेडकर यांनीं १९४९ सालीं घटना समितींत व्यक्त केली होती. प्रत्यक्षांत आजवर तें शंभराहून अधिक वेळां वापरलें गेलें आहे.

तिसरें प्रकरण आंध्राचें, आणि तें एखाद्या नाटकासारखें आहे. पडद्यावर श्रीकृष्णाच्या भूमिका करणारे नट एन. टी. रामाराव यांनीं मार्च १९८२ मध्यें तेलुगु देशम् पक्ष काढला, आणि वर्ष पुरें होण्याच्या आंत, जानेवारी १९८३ मध्यें, ते मोठ्या बहुमतानें मुख्य मंत्री झाले. १९८४ सालीं ते हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठीं अमेरिकेस गेले. ते परत येतात न येतात तोंच १६ ऑगस्ट रोजीं राज्यपाल रामलाल यांनीं त्यांस काढून त्यांच्याच मंत्रिमंडळांतील भास्करराव यांस मुख्य मंत्री केलें, व बहुमत सिद्ध करण्यास एक महिन्याची मुदत दिली. सभागृह ताबडतोब बोलवा, ही रामारावांची मागणी होती. तें कोणी ऐकेना तेव्हां ते चाकांच्या खुर्चींत बसून दीडशेहून अधिक आमदारांसह दिल्लीस राष्ट्रपतिभवनांत गेले. आमदार फुटूं नयेत म्हणून त्यांस शेजारच्या कर्नाटकांत नेऊन ठेवावें लागलें. सबंध देशांत गदारोळ झाला, राज्यपाल बदलले, आणि नवे राज्यपाल शंकरदयाळ शर्मा यांनीं बरोबर एक महिन्यानें, १६ सप्टेंबर रोजीं, रामारावांस पुन्हा मुख्य मंत्री केलें. या ठिकाणीं न्याय झाला. परंतु तो कायद्यानें झाला नाहीं, लोकक्षोभानें झाला. सर्वांच्याच वांट्यास रामारावांची लोकप्रियता येत नसते.

ती आली नाहीं कर्नाटकाच्या एस. आर. बोम्मईंच्या वांट्यास. एप्रिल १९८९ मध्यें त्यांच्या पक्षांतील एका आमदारानें राज्यपालांकडे एकोणीस पत्रें नेऊन दिलीं. आमचा पाठिंबा आम्हीं काढून घेतला आहे, असा त्यांचा आशय होता. थोडक्याच वेळांत त्यांपैकीं सात जणांनीं आपल्या सह्या दिशाभूल करून घेतल्याचें कळविलें. बोम्मई म्हणाले, सभागृह बोलवा, मी बहुमत सिद्ध करून दाखवितों. मागणी अगदीं साधी होती. ती मान्य न होतां २१ एप्रिल १९८९ रोजीं त्यांचें सरकार बरखास्त झालें व विधानसभाहि विसर्जित झाली. बोम्मई उच्च न्यायालयांत गेले व हरले. मग सर्वोच्च न्यायालयांत गेले. तेथें नऊ न्यायमूर्तींपुढें प्रकरण चाललें व ११ मार्च १९९४ रोजीं निकाल लागला.

त्या निकालाचें सार आमच्यासारख्या अडाण्यास कळलें तें असें. मंत्रिमंडळास बहुमत आहे कीं नाहीं हें ठरविण्याची जागा सभागृह ही होय; तें राज्यपालांच्या खासगी मताचें काम नव्हे. राष्ट्रपति राजवटीचा हुकूम कोणत्या आधारावर काढला, हें न्यायालयास तपासतां येतें. संसदेच्या दोन्ही सभागृहांनीं मान्यता देईपर्यंत विधानसभा विसर्जित करतां येत नाहीं. आणि हुकूम घटनाबाह्य ठरल्यास गेलेलें सरकार परत आणण्याचा अधिकार न्यायालयास आहे. बोम्मईंस स्वतःस मात्र त्यांतून कांहीं मिळालें नाहीं. तोंवर कर्नाटकांत दुसरी निवडणूक होऊन दुसरें सरकार आलें होतें. पांच वर्षें एका माणसानें दावा चालविला, आणि पीक आलें तें सगळ्या देशाच्या शेतांत.

तें पीक आपणहि खाल्लें आहे. मे २०१८ मध्यें कर्नाटकांत कोणासहि बहुमत मिळालें नाहीं. १०४ जागांच्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्यास, येडियुरप्पांस, राज्यपालांनीं पाचारण केलें व पंधरा दिवसांची मुदत दिली. सर्वोच्च न्यायालय मध्यरात्रीं बसलें. त्यानें शपथविधि थांबविला नाहीं, पण पुढें पंधरा दिवसांचे दोन दिवस केले. १९ मे रोजीं मत मोजण्यापूर्वींच मुख्य मंत्र्यांनीं राजीनामा दिला. पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर २०१९ मध्यें, आपल्या मुंबईंत पहाटेच्या शपथविधीनंतर हेंच घडलें. न्यायालयानें दुसऱ्याच दिवशीं सभागृहांत उघड मतदान घेण्यास सांगितलें व मुख्य मंत्र्यांनीं त्यापूर्वींच राजीनामा दिला. २०२२ च्या आपल्याकडील सत्तांतराविषयींचा ११ मे २०२३ चा निकाल याच वाटेवरचा. राज्यपालांनीं बहुमत सिद्ध करण्यास सांगितलें तें पुरेशा आधारावांचून, असें न्यायालय म्हणालें. परंतु मुख्य मंत्र्यांनीं सभागृहास तोंड न देतां राजीनामा दिला असल्यामुळें त्यांस परत आणतां येत नाहीं, असेंहि म्हणालें. राजभवनांतून निघालेली चूक न्यायालय दुरुस्त करील, पण सभागृहांतली आपली जागा जो आपण होऊन सोडील त्यास तें कसें बसविणार?

हें सर्व आम्हीं नातीस दोन संध्याकाळ बसून सांगितलें. तिनें मन लावून ऐकलें व शेवटीं विचारलें, "म्हणजे मोजायची जागा ठरली. पण आजोबा, मोजायला बसलेला माणूसच फिरला तर?"

याचें उत्तर आम्हांस द्यावें लागलें, आणि तेंहि कर्नाटकाचेंच. जुलै २०१९ मध्यें तेथील सतरा आमदार आपल्या पक्षांपासून फुटले. त्यांतील बरेच मुंबईच्या एका हॉटेलांत येऊन राहिले होते. विश्वासदर्शक ठरावावर सरकारच्या बाजूनें ९९ व विरुद्ध १०५ मतें पडलीं व सरकार गेलें. मोजणी अगदीं योग्य जागीं, सर्वांच्या देखत झाली. फुटलेल्या सभासदांस पक्षांतरबंदीच्या १९८५ सालच्या कायद्याखालीं अपात्र ठरविण्यांत आलें, व न्यायालयानें तें अपात्रत्व कायम केलें; पण पुन्हा निवडणुकीस उभे राहण्यास त्यांस मोकळीक दिली. डिसेंबरांत पंधरा जागांच्या पोटनिवडणुका झाल्या. फुटून आलेले तेरा जण नव्या पक्षातर्फे उभे होते. त्यांपैकीं अकरा निवडून आले, दोन पडले.

आम्हीं तिला म्हटलें, "बाळ, राजभवनांतली मोजणी बंद करायला एक बोम्मई आणि नऊ न्यायमूर्ती लागले. पण या अकरांना पुन्हा आंत पाठवलं तें कोणीं? राज्यपालांनीं नाहीं, न्यायालयानं नाहीं. आणि ते दोन पडले ते कोणामुळं? तिथं तर तुझ्यासारख्यांचंच काम होतं." ती गप्प राहिली. उत्तरमेरूरच्या लोकांनीं हिशेब न देणारास दाराबाहेर ठेवण्याचा नियम दगडावर कोरून ठेवला होता. आपल्याकडे तो नियम कोणी कोरून देणार नाहीं. दर निवडणुकीस तो प्रत्येकानें आपल्या हातानें नव्यानें पाळावयाचा आहे.

नातीस आमचें म्हणणें पूर्णपणें पटलें असें आम्ही म्हणत नाहीं. हॉटेलांची गोष्ट तिनें जातांनाहि एकदां काढलीच. पण पुण्यास जाण्याच्या आदल्या रात्रीं तिनें मतदारयादींत नांव घालण्याचा अर्ज आमच्यापुढें भरला, व पत्त्याच्या पुराव्यासाठीं घराची वीजबिलाची पावती मागून घेतली. ती म्हातारी आज असती, तर तिला आम्हीं आतां पुरें उत्तर दिलें असतें: आजी, तुमचें मत पेटींतून कचेरींत जातें, कचेरींतून सभागृहांत जातें, आणि पांच वर्षांनीं पुन्हा तुमच्याच हातांत येतें. मधल्या वाटेवर तें कोणीं हरवलें, हें तेवढें तुम्ही लक्षांत ठेवा.